पहिल्या पोळीचा पुरावा

तमाम लहानथोरांस, विशेषतः आमच्या भाऊबंदांस, जाहीर करण्यात येते की पुरणपोळी हा राज्यकारभाराचा विषय आहे. ज्यांना ती केवळ तुपाबरोबर खाण्याची वस्तू वाटते त्यांनी हे पान इथेच मिटावे. एका पोळीपायी आमच्या दोन घरांचं बोलणं बंद झालं, भोर संस्थानच्या मामलेदारांना दोनदा तोरण्याच्या पायथ्याशी घोडं आणावं लागलं, एका बैलाने भर चावडीसमोर आपलं मत शेणाच्या रूपाने मांडलं, आणि आमच्या घराण्याचा जो इतिहास कुणी कधी विचारला नव्हता तो छापील स्वरूपात बाहेर आला. मी या सगळ्याला हजर होतो. जिथे हजर नव्हतो तिथे नंतर जाऊन विचारून आलो, कारण अशी चैन माणसाला जन्मात एकदाच मिळते.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला. दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोन्हींत राहणारे एकाच आडनावाचे, एकाच रक्ताचे. मागे कधीतरी दोन सख्खे भाऊ होते. एकाची लेकरं वर वाढली, एकाची खाली. वरच्या आळीचा भाऊ म्हणजे माझे पणजोबा. त्या दोघांत थोरला कोण, हा प्रश्न वर्षभर कुणाला पडत नसे. तो फक्त होळीच्या संध्याकाळी पडे.

कारण आमच्याकडे गावच्या होळीत पहिली पोळी थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची. घरच्या बाईने ती ताटातून आणायची, होळीला फेरे घालायचे, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने ती विस्तवात सोडायची. ती पडल्याखेरीज गावात दुसऱ्या कुणी पोळी टाकायची नाही, आणि घरी जाऊन खायचीही नाही. सगळं गाव, पोटात कावळे ओरडत, त्या एका पोळीची वाट बघत उभं असायचं.

ही पोळी आमच्या काकीची. काकी म्हणजे माझी चुलती; माझे वडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं ते तिने आणि माझ्या चुलत्यांनी, ज्यांना सगळे आबा म्हणत. काकीचं माहेर भोंगवली. आमच्याकडे भात आणि नाचणी. हरभऱ्याची डाळ काकी माहेरून आणवायची, कारण सासरच्या बाजारातली डाळ पुरणाला उभी राहात नाही असं तिचं मत होतं, आणि त्या मतापुढे आबांचं काही चालत नसे. बाकी सगळीकडे आबांचंच चाले. वर्षभर काकीला कुणी काही विचारत नसे. बैल कोणता घ्यायचा, पोरगी कुठे द्यायची, बांध कुणी कोरला, सगळं आबा ठरवणार. पण होळीच्या संध्याकाळी काकी नवं लुगडं नेसून, परातीएवढी पोळी ताटात घेऊन आळी उतरायला लागली की पुढे कुणीतरी ओरडायचं, ‘सरा, थोरल्या घरची पोळी आली,’ आणि सबंध गाव दुभंगून तिला वाट द्यायचं. पाटीलसुद्धा सरकायचे. काकी तेव्हा कुणाकडे बघत नसे. नाटकात महाराणी कशी प्रवेश करते ते मी पुढे पुण्यात पैसे देऊन पाहिलं, पण काकीची सर कुणाला आली नाही.

आता खालची आळी. तिचे कर्ते म्हणजे बापू, नात्याने आबांचे चुलत-चुलतभाऊ. आबा उंच आणि अबोल, बापू ठेंगणे आणि बोलके. देवाने जणू एकाच मापाची माती दोन तऱ्हांनी थापली होती. बापूंच्या घरची पोळी दुसरी जायची. ते दरवर्षी जरा पुटपुटायचे, आणि मग घरी जाऊन जेवायचे. सगळं ठीक चाललं होतं. मग हेळवी आला.

हेळवी म्हणजे वंशावळी सांगणारा. सुगी झाली की बैलावर बसून, घंटा वाजवत, काही वर्षांतून एकदा यायचा. बैलाच्या पाठीवर मोडी वह्यांचं गाठोडं. अंगणात घोंगडी टाकून द्यायची, तो बसून वही उघडायचा आणि तुमचा मूळपुरुष कुठून आला, त्याला मुलं किती, कोण कुठे गेलं, हे गाण्याच्या चालीवर म्हणायचा. नव्या जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा आणि भात, जुनं धोतर, जमल्यास एखादं भांडं घेऊन पुढच्या घरी जायचा. आमच्या अंगणात त्याने माझ्या पणजोबांपासून सुरुवात केली आणि मग त्यांच्या भावाकडे वळला. आबा मिशीवरून हात फिरवत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तो खालच्या आळीत गेला. तिथे त्याने बापूंच्या आजोबांपासून सुरुवात केली आणि मग आमच्याकडे वळला. त्या दिवशी बापू जेवताना म्हणाले, ‘थोरलं तर आमीच की.’

त्या वर्षीच्या होळीला काकीने फेरे घालून ताट पुढे केलं, आबांनी पोळी उचलली, आणि समोरच्या बाजूने बापूंनीही पोळी उचलली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांना एकच घाई झाली. दोन्ही पोळ्या एकदम सुटल्या, ज्वाळांवर अधांतरी एकमेकींना भिडल्या, चिकटल्या, आणि विस्तवाच्या अलीकडे फुफाट्यात येऊन पडल्या. पुढे काय करायचं हे कुणाला सुचायच्या आत पाटलांचं कुत्रं आलं आणि दोन्ही घरांचा मान घेऊन पळालं. नंतर वर्षभर गावातले टवाळ लोक त्या कुत्र्याला थोरली पाती म्हणत.

दोन्ही बाजूंनी मामलेदारांकडे अर्ज गेले. आमच्या बाजूचा अर्ज मीच लिहिला. मी त्या वेळी भोरात एका वकिलांकडे कारकून होतो. इतका कळकळीचा अर्ज मी नंतर कधी लिहिला नाही. संस्थानच्या चालीने तो वर्षभर फिरला, आणि पुढच्या माघात मामलेदार स्वतः आले. हेळव्याला त्यांनी गुंजवणीच्या खोऱ्यातून शोधून आणवलं होतं.

चावडी भरली. एका बाजूला आबा आणि वरची आळी, दुसऱ्या बाजूला बापू आणि खालची. बाया पायऱ्यांच्या कडेला, भिंतीआड. हेळवी बैलावरून उतरून मधोमध बसला, वही मांडीवर घेतली.

‘सांगा,’ मामलेदार म्हणाले. ‘दोघा भावांत थोरला कोण?’

‘सायेब, हे आंगण कुणाचं?’

‘सरकारचं. चावडी आहे ही.’

‘मग अवघड झालं,’ हेळवी म्हणाला.

‘त्यात काय अवघड?’

‘ज्याच्या आंगणात बसायचं त्याची पाती आदी घ्यायची, ही आमची रीत. माझ्या बानं तेच केलं, त्याच्या बानं तेच. मालकाच्या दारात बसून दुसऱ्याचा आजा आदी कसा काढायचा, सायेब? वाढनाऱ्या बाईला काय वाटंल?’

‘म्हणजे वरच्या आळीत बसलात की...’

‘वरची आदी.’

‘आणि खालच्या?’

‘खालची आदी.’

‘आणि इथे?’

हेळव्याने मामलेदारांकडे नीट निरखून पाहिलं. ‘सायबांचं घरानं म्हाईत असतं तर सायबांचंच घेतलं असतं.’

चावडीत असं काही शांत झालं की बाहेर बैल रवंथ करताना ऐकू आला. दोन्ही घरांनी पिढ्यान्पिढ्या आपापल्या ओसरीवर बसून आपलंच नाव आधी ऐकलं होतं, त्यावरून स्वतःला थोरलं ठरवून घेतलं होतं, आणि वर त्या आनंदात हेळव्याला भात मोजून दिला होता. मला हसू आवरेना म्हणून मी खोकलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी खोकलो. त्याच वेळी बैलाने ते मघाशी सांगितलेलं मत मांडलं.

‘पण वहीत काही लिहिलं असेल ना?’ मामलेदारांनी चिकाटी सोडली नाही.

हेळव्याने पानं उलटली. त्याच्या आज्याच्या हातचं एक पान निघालं, आणि तो ते वाचू लागला. दोघा भावांची नावं, शेजारी शेजारी, एका ओळीत. खाली एक टीप. टीप अशी की, या खेपेस भात धाकट्याने दिला, कारण थोरला चोरीच्या गुन्ह्याखाली पुण्यास तुरुंगात आहे. कोण थोरला आणि कोण धाकटा, ते लिहायची त्या आज्याला गरज वाटली नव्हती. त्याला ते ठाऊकच होतं.

आता पाहा मजा. एका क्षणापूर्वी दोन्ही आळ्या थोरलेपणासाठी मुठी आवळून बसल्या होत्या. ती टीप वाचून होताच बापू पहिल्यांदा उठले.

‘सायेब, आमचा आजा उभ्या जन्मात गाव सोडून गेला न्हाई. तवा थोरले त्यांचेच. आमची काय हरकत न्हाई.’

आबा सहसा बोलत नसत. पण तेही उठले. ‘आमचा आजा काशीला गेला हुता. पायी. सगळ्या गावाला ठावं हाय. त्यो तुरुंगात कसा असंल? थोरले ह्येंचे. आमची बी हरकत न्हाई.’

‘न्हाई न्हाई, तुमीच थोरले,’ बापू म्हणाले.

‘आवो, तुमी. मोठेपना घ्या की.’

‘आमाला नगं.’

मामलेदारांनी टेबलावर हात आपटला. ते चांगले गृहस्थ होते, पण त्यांचं जेवण निवत चाललं होतं. त्यांनी निकाल दिला तो असा: जो तुरुंगात गेला तो थोरला, एवढं आता शाबीत आहे. तो कोणत्या घरचा, हे ज्याने त्याने दाखवावं, आणि मान घ्यावा. होळीच्या सकाळी मी पुन्हा येईन. तोवर पुरावा आला नाही तर दोन्ही घरांचा मान कायमचा बंद, आणि पहिली पोळी इथून पुढे सरकारतर्फे शिपाई टाकील.

त्या रात्री भाकऱ्या थापताना काकीने विचारलं, ‘शिपाई? त्येला पुरन वाटाय येतंय का?’

‘त्यो वाटनार न्हाई. टाकनार हाय,’ आबा म्हणाले.

‘आन् करनार कोन?’

काकीने भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच टाकली. ‘सासूबाईंनी जाताना माझ्या हातात काय दिलं?’ ती चुलीकडेच बघत म्हणाली. ‘पाटल्या न्हाईत, काय न्हाई. पोळीचं ताट दिलं. म्हनाल्या, एवढं एक सांभाळ. ते बी आता शिपायाच्या हाती द्या.’

सकाळी मी निघालो तेव्हा काकी मला पाणंदीपर्यंत सोडायला आली. असं ती कधी करत नसे. ‘तुला तिकडं भोरात कागदातलं कळतंय,’ ती म्हणाली. ‘चोर कुनाचा ते हुडिक. आमचा निघाला तरी चालंल. आबांना सांगू नगं म्या असं म्हनले ते.’

मी पायीच मार्गासनीपर्यंत आलो, पुढे नसरापुराहून सर्व्हिस मोटार धरली, आणि वाटभर आनंदाने पाय हलवत बसलो. वकीलसाहेबांना हकिकत सांगितली. ते अर्धा तास हसले आणि मग म्हणाले की जुन्या काळी पुण्याच्या साप्ताहिकांत फौजदारी खटल्यांची हकिकत सविस्तर छापून येत असे, विशेषतः खटला साहेबांशी संबंधित असला तर. आणि अशा साप्ताहिकांचे गठ्ठे भोरच्या वाचनालयात कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी देऊन ठेवले आहेत.

वाचनालयात मागच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेले ते गठ्ठे मांडून मी बसलो, आणि समोर पाहतो तर गठ्ठ्यांच्या दुसऱ्या टोकाला मास्तर. मास्तर म्हणजे बापूंचा मुलगा, माझ्याच वयाचा, उत्रोलीच्या शाळेवर शिकवायचा आणि शाळा सुटली की पायी भोरात यायचा. आमची घरं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणून आम्हीही जरा वेळ बोललो नाही.

‘तू पण?’ शेवटी मी म्हणालो.

‘वडिलांनी पाठवलंय. आमचा चोर नाही याची खात्री करून ये म्हणाले.’

‘आणि आईने?’

मास्तर लाजला. ‘आईने सांगितलंय, आमचाच असू दे.’

मग आम्ही कामाची वाटणी करून घेतली. तो जुन्या टोकाकडून, मी नव्या टोकाकडून. रोज संध्याकाळी कंदील लागेपर्यंत वाचायचो. असं सुख मला वाचनात पुन्हा मिळालं नाही. कुणी शेजाऱ्याची कोंबडी चोरून तिला रंग दिला होता. कुणी खोट्या साक्षीसाठी भाड्याने साक्षीदार आणला आणि तो साक्षीदार खऱ्या आरोपीचाच जावई निघाला. एका बाईने नवऱ्याला मारलं म्हणून नवऱ्याने फिर्याद केली, आणि मॅजिस्ट्रेटांनी बाईला पाहून नवऱ्याला घरी नीट वागण्याची ताकीद दिली. आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो आणि ग्रंथपाल येऊन ‘हळू’ म्हणायचे.

एके दिवशी मास्तर एकाएकी उभा राहिला. चेहऱ्यावर पसरलेलं हसू बघून मला कळलं.

‘तुझे,’ तो म्हणाला. ‘तुझे पणजोबा. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं आहे. काशी नाही रे. येरवडा.’

माझं तोंड पडलं असावं. काशीचं आमच्या घरी फार होतं. आणि तोच मला आठवलं की चोर तो थोरला. माझा चेहरा वर यायला लागला आणि तेच मास्तरच्याही ध्यानात आलं, तसा त्याचा खाली जायला लागला. आम्ही दोघं त्या टेबलाच्या दोन बाजूंना, एक वर, एक खाली, असे विहिरीच्या रहाटासारखे चाललो होतो.

हकिकत अशी होती. पणजोबा भाताचे बैल घेऊन पुण्याच्या बाजाराला गेले होते. परतताना खेडशिवापुराजवळ माळावर एका साहेबाचा तंबू होता. तंबूबाहेर साहेबाचा न्हाण्याचा मोठा पत्र्याचा टब वाळत ठेवला होता. पणजोबांनी तो उचलला, पालथा डोक्यावर घातला आणि घरी निघाले. वाटेतल्या प्रत्येक गावात लोकांनी विचारलं, हे काय? आणि प्रत्येक गावात पणजोबांनी थांबून, टब वर करून, खरं काय ते सांगितलं. त्यामुळे पोलिसांना शोध लावायला कष्ट पडले नाहीत. टब आमच्या गोठ्यात सापडला. म्हैस त्यातून पाणी पीत होती. मॅजिस्ट्रेटांपुढे आरोपीने गुन्हा कबूल केला. वार्ताहराने नमूद केलं होतं की, आरोपीचं म्हणणं असं पडलं की साहेब अंगाने किरकोळ आहे, तो बादलीत भागवू शकतो. म्हैस भागवू शकत नाही. कोर्टात हशा पिकला. आरोपीने अशीही विनंती केली की शिक्षा भात लावणीनंतर द्यावी, कारण घरी धाकटा भाऊ एकटा आहे आणि त्याला चिखलणी येत नाही. विनंती अमान्य झाली.

‘धाकटा भाऊ,’ मी म्हणालो. ‘म्हणजे तुझे पणजोबा. त्यांना चिखलणी येत नव्हती, हेही छापून आलंय.’

मास्तर म्हणाला, ‘हे आपण पाहिलंच नाही असं केलं तर?’

‘तुला काय मिळेल? शिपाई पोळी टाकील.’

‘निदान तुम्ही टाकणार नाही.’

‘तुझ्या आईला विचारून ये,’ मी म्हणालो, आणि त्या मजकुराची नक्कल करून तिच्यावर वाचनालयाचा शिक्का मारून घेतला.

आनंदात मी शनिवारी गावी पोहोचलो. ओसरीवर आबा दोरी वळत होते, काकी आत सुपात डाळ निवडत होती. मी उभ्याउभ्या सगळं वाचून दाखवलं, हातवारे करून. टब डोक्यावर घेण्याच्या जागी तर मी परातच डोक्यावर घेतली. आतून काकीचं सूप थांबलं. आबांनी दोरी खाली ठेवली.

‘काशीला गेले हुते त्ये,’ आबा म्हणाले.

‘आबा, इथे छापलंय...’

‘माझ्या बानं मला सांगितलं, त्येच्या बानं त्येला सांगितलं. काशी. आन् तू भर चावडीत सांगनार की माझा आजा म्हशीसाटी साहेबाचं टमरेल घेऊन पळाला?’

‘टमरेल नाही, आबा. टब. चांगला मोठा.’

‘मोठा हाय म्हनून बरं वाटंल व्हय मला?’

आतून काकीचा आवाज आला. ‘त्यात थोरला असं लिव्हलंय का?’

‘धाकटा भाऊ घरी आहे असं लिहिलंय,’ मी म्हणालो. ‘म्हणजे हे थोरलेच.’

सूप पुन्हा सुरू झालं. आबा उठले, माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ‘चोराच्या वंशाचा म्हनून पोळी टाकन्यापरीस मला पोळीच नगं. त्यो कागद खिशातनं भाईर काढलास तर ह्या दारात पाय ठिऊ नगंस.’

मी कागद खिशात ठेवला. ज्यांनी मला वाढवलं त्यांच्यापुढे कागद काढणारा माणूस मी नव्हतो, आणि आतलं सूप ऐकत बसल्यावर तो न काढणाराही मला होता येईना. रात्रभर मला माझ्याच अंथरुणात जागा मिळाली नाही.

होळीच्या सकाळी गावात सगळीकडे डाळ शिजल्याचा वास होता. फक्त आमच्या चुलीवर काही नव्हतं. काकीने डाळ धुऊन पातेल्यात घातली होती, पण चूल पेटवली नव्हती. कुणासाठी पेटवायची, तिने विचारलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

मामलेदार आले. त्यांच्याबरोबर शिपाई, नवा पट्टा लावलेला, मिशा पिळलेला. आल्या आल्या त्याने पाटलांना विचारलं की त्याच्या वाटणीची पोळी कुणाच्या घरून येणार, म्हणजे आधी चाखून बघता येईल. चावडी पुन्हा भरली. आबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. बापू अंगठ्याने जमीन उकरत. मास्तर आपल्या वहाणांकडे असा बघत होता जणू त्या नव्या घेतल्या होत्या.

‘कुणाकडे पुरावा आहे?’ मामलेदारांनी विचारलं.

माझ्या खिशातला कागद मला छातीवर विस्तवासारखा लागत होता. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

‘खालच्या आळीकडे?’

बापूंनी मान हलवली. घरी गेल्यावर मास्तरला त्याच्या आईने गप्प राहायलाच सांगितलं असणार, हे मला बापूंच्या मानेवरून कळलं.

‘वरच्या आळीकडे?’

आबांनी मानही हलवली नाही.

मामलेदारांनी दौत पुढे ओढली. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले, आणि लिहू लागले. टाकाचा कुरकुर आवाज येत होता. शिपायाने पट्टा नीट केला. ‘सबब, उभय पक्षांचा मान...’ मामलेदार लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, ‘कायमचा...’

भिंतीआड बायांच्यात काहीतरी हललं. कुणीतरी ‘अगं बस, अगं बाई’ म्हणत कुणाला मागे ओढत होतं, आणि ओढून धरलेला पदर हातातून सुटला असावा. पायऱ्यांवर काकी आली. तिने पदर डोक्यावर घेतलेला होता. आमच्या गावात तोवर कुठली बाई चावडीची पायरी चढली नव्हती, आणि काकीने तर आबांसमोर कुणा परक्या पुरुषाशी उभ्या जन्मात शब्द काढला नव्हता. मामलेदारांचा टाक थांबला. आबांनी डोळे उघडले. काकीने एकदा शिपायाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग मामलेदारांकडे न बघता, त्यांच्या टेबलाच्या पायाकडे बघत ती एका दमात बोलून गेली:

‘थांबा सायेब, चोर आमचा हाय. आमच्या मामंजींचा बा, आन् थोरला हाय त्यो. ह्येंना लाज वाटती, मला न्हाई वाटत. त्या शिपायाला सांगा घरी जायला, म्या चूल पेटवाय निघाले.’